बाहेर थांबलेला

सिद्धेशने गाडी लावून इंजिन बंद केलं तेव्हा साडेदहा वाजले होते. सनीव्हेलहून निघाल्यापासून साडेतीन तास नंदाकाकू मागच्या सीटवर बसून होत्या. आता त्यांनी काच खाली केली आणि समोरच्या डोंगराकडे बघत विचारलं, "हेच का ते?"

"नाही काकू. हे म्युझियम. ते मागच्या बाजूला आहे, पलीकडच्या उतारावर. दीड मैल चालावं लागेल."

"चालू की," त्या म्हणाल्या.

श्रीरामकाका पुढच्या सीटवरून उतरले. कराडच्या नगरपालिकेत पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं नोकरी केलेला हा माणूस कुठेही गेला तरी आधी पाण्याचा नळ शोधायचा. इथेही त्यांनी पार्किंगच्या कडेचा नळ गाठला, बाटली भरून घेतली आणि पाइनच्या सावलीत जाऊन उभे राहिले. मे महिना होता, पण हवेत गारठा होता आणि वरच्या शिखरांवर अजून बर्फाचे पट्टे दिसत होते.

प्रथमेश हा त्यांचा आणि नंदाकाकूंचा एकुलता एक मुलगा. पुण्यात इंजिनीअरिंग करून तो एमएससाठी कॅलिफोर्नियाला आला आणि सिद्धेशचा रूममेट झाला. त्याच्या रिसर्चचा विषय होता जुन्या सोन्याच्या खाणींतून झिरपणारं पाणी, आणि त्यातून ओढ्यात उतरणारं आर्सेनिक. गेल्या सप्टेंबरात एका शनिवारी तो या डोंगरात पाण्याचे सॅम्पल घ्यायला आला. सिद्धेश कॉम्प्युटर सायन्सचा, त्याचं इथे काही काम नव्हतं. वीकेंड आहे, ड्राइव्ह होईल, म्हणून तो सोबत आला. दुपारी प्रथमेश एका पडक्या बोगद्यात शिरला आणि तिथल्या हवेने मेला. वय पंचवीस.

त्या रात्री कराडला फोन सिद्धेशनेच केला होता. तिकडे सकाळ होती. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, मग एकच प्रश्न विचारला. "तू नाही गेलास त्याला आणायला?"

"गेलो होतो काकू," सिद्धेश म्हणाला. "दोनदा गेलो. नाही जमलं."

हे वाक्य त्याने ठरवून उच्चारलं नव्हतं. तोंडातून गेलं, आणि एकदा गेल्यावर परत घेता आलं नाही. त्यानंतर काकू त्याला दर आठवड्याला फोन करत होत्या. जेवलास का, झोप लागते का, स्वप्नं पडतात का. जानेवारीत त्याला सनीव्हेलला नोकरी लागली तेव्हा त्यांनी ग्रामदैवताला नारळ फोडला. आता युनिव्हर्सिटीने प्रथमेशची डिग्री आईवडिलांच्या हातात द्यायचं ठरवलं म्हणून दोघं आले होते आणि सिद्धेशच्याच अपार्टमेंटमध्ये उतरले होते. तो सोफ्यावर झोपत होता. मागच्या गुरुवारी त्याचा वाढदिवस झाला. काकूंनी स्टीलच्या ताटलीत निरांजन लावून त्याला ओवाळलं आणि म्हणाल्या, "एक गेला माझा. एक राहिला." सिद्धेश मान खाली घालून पाटाऐवजी मांडलेल्या उशीवर बसून राहिला होता.

जागा बघायचीच, हा हट्टही काकूंचाच. सिद्धेशने बरीच कारणं सांगून पाहिली. रस्ता वळणावळणाचा आहे, काकांचा गुडघा दुखतो, तिथे आता बघण्यासारखं काही नाही, दार लावून टाकलंय. काकू म्हणाल्या, "मी त्याला बर्फाच्या पेटीतून आलेला पाहिलाय. कुठून आला ते बघू दे."

मागच्या वाटेचं फाटक फक्त अकराची टूर घेणाऱ्यांनाच, टूर संपल्यावर उघडून देत. त्यामुळे टूर घेणं भाग होतं.

टूरला दहा-बारा माणसं होती. गाइड म्हणून सत्तरीच्या आसपासची एक बाई पुढे आली. पांढऱ्या केसांची आखूड वेणी, खाकी शर्ट, छातीवर 'डोना' अशी पट्टी. तिला बघताच सिद्धेश मागे सरकला आणि काकांच्या आड उभा राहिला. त्या दिवशी तिकीटखिडकीत हीच होती. डोंगरावरून पळत आल्यावर तो जिच्यासमोर कोसळला ती हीच.

तिने त्याला ओळखलं नाही. तेव्हा त्याला दाढी नव्हती.

डोना सगळ्यांना एकेक जागा दाखवत फिरली. लोहाराची भट्टी. कामगार कपडे बदलायचे ती खोली. तिथे छतापासून लोंबणाऱ्या साखळ्या, आणि त्यांच्या आकड्यांना अजून काही जुने बूट अडकवलेले. माणसं खाली सोडायची लोखंडी गाडी, उतरत्या रुळांवर तिरकी उभी. एका मोठ्या काचेच्या पेटीत सगळ्या बोगद्यांचा तारांचा नमुना होता. शेकडो मैलांच्या बोगद्यांच्या तारा, एकमेकींत गुंतलेल्या. काका त्या पेटीजवळ बराच वेळ वाकून उभे राहिले.

"एवढं सगळं पोखरलंय," ते सिद्धेशला म्हणाले. "आणि पंप बंद केल्यावर सगळं पाण्याने भरलं असणार."

"हो काका. खालचं सगळं बुडालंय."

"तेच पाणी तो तपासत होता."

"हो."

शेवटी डोना सगळ्यांना डोंगराच्या पोटात पन्नास-साठ पावलं घेऊन गेली. हा भाग पर्यटकांसाठी सांभाळलेला होता. लाकडी टेकू नवे, दिवे लावलेले, वारा खेळता ठेवणारा पंखा चालू. तिने खिशातून मेणबत्ती काढून पेटवली.

"खाणीत कामगार छत कोसळायला घाबरायचे," ती म्हणाली, "पण त्याहून जास्त घाबरायचे ते हवेला. कारण छत आधी आवाज करतं. हवा काही सांगत नाही. वास नाही, ठसका नाही. प्राणवायू संपलेली जड हवा खोलगट जागी साचून राहते, आणि आभाळ भरून आलं, हवेचा दाब उतरला की ती बाहेरच्या बाजूला सरकते. माणूस तिच्यात चालत जातो. गुडघे सैल पडतात, जरा बसावंसं वाटतं. बसला की संपलं."

काकूंना इंग्रजी थोडं समजायचं. त्या काकांच्या दंडाला धरून उभ्या होत्या आणि काका हळू आवाजात मराठीत सांगत होते. इथे ते सांगायचे थांबले.

"मेणबत्ती विझली की मागे फिरायचं, हा पहिला नियम," डोना पुढे म्हणाली. "दुसरा नियम पाळायला जास्त कठीण. आत पडलेल्याला आणायला जायचं नाही. गेल्या वर्षी इथे दोन विद्यार्थी आले होते. जिवलग मित्र. एक मागच्या बोगद्यात गेला आणि खाली बसला. दुसरा बाहेर होता. मित्र डोळ्यांसमोर आहे, तो हाका मारतोय, तरी हा मुलगा आत गेला नाही. एकदाही नाही. मदत आणायला पळाला. मी शाळेच्या प्रत्येक ग्रुपला त्याच्याबद्दल सांगते. त्याने योग्य तेच केलं. आम्हाला त्या दिवशी एकालाच उचलून आणावं लागलं, दोघांना नाही, ते त्याच्यामुळे."

टूरमधल्या एका बाईने चुकचुकून खेद दाखवला. डोनाची नजर ग्रुपवरून फिरली, काका-काकूंच्या चेहऱ्यांवर जरा थांबली, मग त्यांच्या मागच्या माणसावर. मेणबत्ती तिने फुंकून विझवली.

"ओह," ती म्हणाली. "तूच आहेस तो. हे कोण?"

"त्याचे आईवडील," सिद्धेशने सांगितलं.

ती सगळ्यांना बाहेर घेऊन आली. बाकीची माणसं गिफ्ट शॉपकडे पांगली. डोनाने काकूंचे दोन्ही हात हातात घेतले, सॉरी म्हणाली, ओळखलं असतं तर हे बोलले नसते म्हणाली. मागच्या वाटेचं फाटक तिने स्वतः उघडून दिलं आणि हवं तर जीपने सोडते, असंही विचारलं. काका नको म्हणाले. ती गेल्यावर काकू लाकडी बाकावर बसल्या.

"काय म्हणत होती ती?" त्यांनी विचारलं.

काकांनी घसा खाकरला.

"मी तुम्हाला नाही विचारत. सिद्धेश, काय म्हणत होती? वन्स पण नाही, असं म्हणाली ना? एकदाही नाही?"

सिद्धेश त्यांच्यासमोर उभा होता. बसावं की उभंच राहावं हे त्याला कळत नव्हतं. "मी आत गेलो नव्हतो, काकू," तो म्हणाला.

"दोनदा गेलास."

"नाही गेलो. तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी हो म्हणालो. खोटं बोललो."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि ते त्यांच्या लगेच लक्षात आलं. छत्तीस वर्षांचा संसार होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पोलिसांचा रिपोर्ट आला होता ना नोव्हेंबरात," काका म्हणाले. "त्यात होतं. सोबती बाहेरच थांबला, असं लिहिलं होतं."

"आणि मला नाही सांगितलंत."

"तू दोन घास खायला लागली होतीस. त्याच्याशी बोलल्यावर तुला बरं वाटायचं. म्हटलं, राहू दे."

काकूंनी पर्समधून रुमाल काढला आणि न वापरता परत ठेवला. काका बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"नंदा, ती बाई बोलली ते खरं आहे. आपल्याकडे शुक्रवार पेठेतली विहीर उपसायला उतरलेले ते तिघं आठवतात? पहिला पडला म्हणून दुसरा, दुसरा पडला म्हणून त्याचा भाऊ. सगळं दहा मिनिटांत. त्यानंतर मी माझ्या प्रत्येक माणसाला हेच शिकवलं. वर थांबायचं, दोर टाकायचा, फायर ब्रिगेडला कळवायचं. उतरायचं नाही. हा आत गेला असता तर याच्या आईनेही पेटी उघडली असती."

"तुम्ही असतात तर?" काकूंनी विचारलं.

"काय?"

"तिथे तुम्ही असतात. आत आपला पमू आहे. थांबला असतात बाहेर?"

काकांनी बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं.

"नसतो थांबलो," ते म्हणाले.

"मग झालं तर," असं म्हणून काकू उठल्या आणि वाटेला लागल्या.

वाट मॅन्झनिटाच्या लालसर झुडपांमधून वर चढत होती. काकू सर्वांत पुढे. त्यांच्या पंजाबी ड्रेसवर सिद्धेशचं जुनं जॅकेट होतं. गारठा आहे म्हणून सकाळी त्यानेच दिलेलं. मध्येच त्यांनी ते काढलं, घडी केली आणि मागे न बघता काकांच्या हातात दिलं. खिंडीपर्यंत चढ होता, पुढे उतार. ओढ्याचा आवाज यायला लागला. पाणी दिसलं ते नारिंगी, गंजलेल्या पत्र्यासारखं, आणि काठचे दगडही तसेच.

बोगद्याच्या तोंडाला आता जाड लोखंडी गज बसवले होते. वटवाघळांना जाण्यायेण्यापुरत्या आडव्या फटी, बाकी बंद. शेजारी धोक्याची पाटी. आत डाव्या बाजूला मातीचा ढिगारा दिसत होता आणि त्याच्यापलीकडे काळोख.

"सांग," काकू म्हणाल्या. "पहिल्यापासून. काही गाळू नकोस."

सिद्धेशने सांगितलं. परमिशन फक्त ओढ्यातलं पाणी घेण्याची होती. प्रथमेशला पाणी डोंगरातून निघतं त्या मूळ जागेचं सॅम्पल हवं होतं. तेव्हा इथे नुसती तार होती, तीही तुटलेली. आभाळ भरून आलं होतं. प्रथमेश म्हणाला, पाच मिनिटांचं काम आहे. त्याने हेडलॅम्प लावला, ढिगाऱ्यावर चढला आणि पलीकडे उतरला. तिथे गुडघाभर पाणी होतं. ढिगाऱ्यामुळे आतली हवाही तशीच अडून राहिली असणार, हे नंतर कळलं. सिद्धेश बाहेर बाटल्यांचा क्रेट सांभाळत होता. ढिगारा उजवीकडे उतरता होता, तिथून त्याला हेडलॅम्पच्या उजेडात प्रथमेश दिसत होता. प्रथमेशने एक बाटली भरली. दुसरी भरताना तो थांबला आणि भिंतीला टेकला.

"मी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, 'पायच उचलत नाहीयेत यार.' हसला. मग खाली बसला, पाण्यातच."

"मग?"

"मग म्हणाला, 'सिद्ध्या, जरा ये रे.'"

काकूंनी गज धरला होता. "आणि तू?"

"मी ढिगाऱ्यावर चढलो. अर्धा चढलो असेन. मला गरगरलं. खरंच गरगरलं की भीतीने, ते मला आजही सांगता येत नाही. मी खाली उतरलो. त्याला ओरडून सांगितलं, ऊठ, बाहेर ये. तो बघत होता माझ्याकडे. त्याने आणखी एकदा हाक मारली. मग मी पळालो."

"तो बघत असताना?"

"हो."

"आवाज कसा होता त्याचा? घाबरलेला?"

"नाही काकू. झोप आल्यासारखा."

काकूंनी मान हलवली, जणू एवढं तरी चांगलं. मग विचारलं, "तू कुठे उभा होतास?"

सिद्धेशने ओढ्याजवळचा एक सपाट दगड दाखवला.

"उभा राहा तिथे."

काका म्हणाले, "नंदा, कशाला."

"उभा राहा."

तो जाऊन उभा राहिला. काकू त्याच्याजवळ आल्या, वळल्या आणि तिथून बोगद्याकडे चालत गेल्या, एकेक पाऊल नेमकं टाकत. गजांशी पोचल्यावर त्यांनी आत पाहिलं आणि ढिगाऱ्यापर्यंतचं अंतर नजरेने मोजलं.

"अकरा इथपर्यंत," त्या म्हणाल्या. "आत आणखी पाच-सहा. एवढंच?"

सिद्धेश दगडावर उभा राहून रडायला लागला. काकू त्याच्याकडे आल्या नाहीत. त्या गजांच्या पुढ्यात जमिनीवर बसल्या, हात फटीतून आत घातला आणि कोपरापर्यंत काळोखात तसाच ठेवून बराच वेळ बसून राहिल्या. आतून गार हवा येत होती. शेवटी काकांनी त्यांना दोन्ही खांद्यांना धरून उठवलं.

परतीच्या वाटेवर काका सिद्धेशच्या बरोबरीने चालले. "तू योग्य केलंस," ते म्हणाले. "हे मी तुला कितीही वेळा सांगेन. रिपोर्ट वाचला तेव्हाच सांगायला हवं होतं, फोनवर धीर झाला नाही. पण तिच्याकडून ते ऐकायची अपेक्षा ठेवू नकोस."

"मी खोटं बोलायला नको होतं."

"नको होतं," काका म्हणाले. "पण त्या सकाळी तू खरं सांगितलं असतंस तर ती जगली असती की नाही, मला शंका आहे."

त्या संध्याकाळी सनीव्हेलला पोचल्यावर काकूंनी कुकर लावला. वरणभात केला, तिघांची पानं घेतली. सिद्धेशला वाढलं, तूप घातलं, आणि स्वतःचं पान घेऊन आतल्या खोलीत गेल्या. पुढचे चार दिवस असंच चाललं. त्याचा डबा भरलेला असायचा, कपडे घडी करून ठेवलेले असायचे, पण तो खोलीत आला की काकू उठून दुसरीकडे जायच्या. भांडण नाही, टोमणा नाही. एकदा त्याने बाल्कनीत जाऊन "काकू, माझ्याशी बोला ना" असं म्हटलं. त्यांनी वाळत घातलेला टॉवेल पुन्हा झटकला आणि म्हणाल्या, "काय बोलू, तू सांग."

जायच्या दिवशी तो त्यांना एअरपोर्टवर सोडायला गेला. बॅगा चेक-इन झाल्या. प्रथमेशची डिग्री काकांनी हातातल्या पिशवीत, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवली होती. सिक्युरिटीच्या रांगेपाशी काकांनी त्याला जवळ घेतलं. तो काकूंच्या पाया पडायला वाकला, तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले नाहीत आणि डोक्यावर हातही ठेवला नाही. तो उभा राहिल्यावर त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"तू काही वाईट केलं नाहीस," त्या म्हणाल्या. "मला कळतं ते. यांनी सांगायची गरज नाही. तुझ्या आईचं नशीब चांगलं. पण तुला बघितलं की मला तो बसलेला दिसतो, आणि तू दगडावर उभा. ते काही जात नाही. तेव्हा आता आमच्याकडे येऊ नकोस. भारतात आलास तरी नको."

"हो, काकू."

"लग्न कर. नीट राहा."

त्या वळल्या आणि रांगेत शिरल्या. बूट काढून ट्रेमध्ये ठेवताना काकांनी दोनदा मागे पाहिलं. काकूंनी पाहिलं नाही. त्या मशीनमधून पलीकडे गेल्या, पिशवीतले पुठ्ठे नीट आहेत ना ते चाचपून बघितलं, आणि मग गर्दीत दिसेनाशा झाल्या.

दोन वाजता सिद्धेशची मीटिंग होती. तो वेळेत पोचला.